शार्त्रला किती वेळ ठेवावा?

पॅरिसचा बेत आखताना शार्त्रचं नाव बहुधा सगळ्यात शेवटी येतं. आयफेल, लूव्र, व्हर्साय, सीन नदीतली बोटीची फेरी हे सगळं बसवून झालं की चौथ्या-पाचव्या दिवशी एक रिकामी सकाळ उरते आणि तिथे कुणीतरी लिहितं, ‘शार्त्र कॅथेड्रल, दोन तास’. हे दोन तास कुठून येतात हेही उघड आहे. इमारत 130 मीटर लांब. रमतगमत टोकापर्यंत जायला दहा मिनिटं, यायला दहा, फोटोंना अर्धा तास, बाहेरून एक प्रदक्षिणा, मग कॉफी. इमारतीच्या आकारावरून केलेला हा हिशेब गणित म्हणून बिनचूक आहे, पण शार्त्रला तो कामाचा नाही. तिथे किती वेळ लागणार हे तीन गोष्टींवर ठरतं: सूर्य कुठल्या बाजूला आहे, आपले डोळे आतल्या उजेडाला किती सरावलेत, आणि आत मिस्सा (कॅथलिक उपासना) चालू आहे की नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एक अख्खा दिवस ठेवावा आणि तो दोन फेऱ्यांत वाटावा. सकाळी दोन-अडीच तास, दुपार कलल्यावर पुन्हा दोन तास, आणि मधल्या वेळात कॅथेड्रलच्या आत पाऊलसुद्धा टाकू नये. सलग पाच तास आत काढणारे लोक मी पाहिले आहेत. तिसऱ्या तासानंतर ते काचांकडे बघत नसतात, खुर्ची शोधत असतात.

प्रवासाचं सोपं आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून प्रादेशिक गाडी निघते आणि तासाभरात, फार थांबे असतील तर सव्वा तासात, शार्त्रला पोहोचवते. स्टेशनातून बाहेर आलं की चढावर दोन मनोरे दिसतात. दहा मिनिटं चाललं की आपण चौकात. पण पॅरिसमधल्या हॉटेलातून निघून परत हॉटेलात येईपर्यंत नुसत्या येण्याजाण्यात तीन-साडेतीन तास जातातच. एवढं करून आत दोन तास घालवायचे म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता टाकल्या टाकल्या निघण्यातला प्रकार झाला.

बघण्यासारखं एवढं काय आहे, ते थोडक्यात. जून 1194 मध्ये इथल्या जुन्या कॅथेड्रलला आग लागली. पश्चिमेकडचा दर्शनी भाग, मनोऱ्यांचा खालचा भाग आणि जमिनीखालचं क्रिप्ट तेवढं वाचलं. मेरीचं वस्त्र म्हणून पुजला जाणारा, राजा चार्ल्स द बाल्ड याने 876 मध्ये दिला असं मानतात तो कापडाचा तुकडाही सुखरूप सापडला. त्या आनंदात आणि त्या भीतीत पैसा उभा राहिला, आणि 1220 च्या सुमारास नव्या इमारतीचं दगडी छत चढलंसुद्धा. मध्ययुगातल्या कॅथेड्रलांची कामं पिढ्यान् पिढ्या, कधी शतकानुशतकं रेंगाळत, त्या मानाने हे झपाट्याने झालं. म्हणूनच आतली रचना एकसंध वाटते. मनोरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. दक्षिणेकडचा, साधा आणि सुमारे 105 मीटर उंचीचा, बाराव्या शतकातला. उत्तरेकडच्या मनोऱ्याचं शिखर 1506 मध्ये वीज पडून गेलं आणि जेहान द बोस या कारागिराने त्याच्या जागी नक्षीदार, 113 मीटरपर्यंत पोहोचणारं शिखर चढवलं.

खरा ऐवज काचांचा. एकूण 176 खिडक्या, अडीच हजार चौरस मीटरच्या वर रंगीत काच, आणि त्यातली बहुतेक बाराव्या-तेराव्या शतकातली. एवढी जुनी काच एका जागी, आपल्या मूळ चौकटीत टिकणं ही साधी गोष्ट नाही. दोन्ही महायुद्धांत पॅनेल न् पॅनेल काढून सुरक्षित जागी हलवलं होतं. ऑगस्ट 1944 मध्ये मनोऱ्यांत जर्मन टेहळे बसलेत या संशयावरून अमेरिकन तोफा शार्त्रवर रोखल्या गेल्या, तेव्हा वेलबॉर्न ग्रिफिथ नावाच्या कर्नलने स्वतः आत जाऊन, मनोरा चढून, वर कुणी नसल्याची खात्री केली आणि मारा थांबवला. त्याच दिवशी शेजारच्या लेव्ह गावातल्या चकमकीत तो मारला गेला.

आता सूर्याकडे येऊ. कॅथेड्रलची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला, असं प्रत्येक मार्गदर्शक पुस्तक सांगतं आणि खिडक्यांनाही तशीच नावं देतं: उत्तरेची गोल खिडकी, दक्षिणेची गोल खिडकी, पश्चिमेची गोल खिडकी. शार्त्रला ही नावं फक्त नावं म्हणून घ्यायची. नकाशा उघडून पाहिला तर इमारत चांगलीच तिरकी बसलेली आहे. वेदी ईशान्येला, मुख्य दार नैऋत्येला. त्यामुळे ‘दक्षिण’ खिडकी खरी आग्नेयेला तोंड करून आहे आणि ‘उत्तर’ खिडकी वायव्येला. ही बाब दिवसाचं वेळापत्रक बदलून टाकते. दक्षिणेची खिडकी भर दुपारी पाहावी असं समजून दोनला गेलात, तर तिच्यावरचं ऊन कलू लागलेलं असतं. उलट ‘उत्तरेच्या खिडकीवर ऊन कधी येणारच नाही’ हे धरून चाललात, तर उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा एक सुंदर तास हुकतो.

त्यात आणखी एक गुंता घड्याळाचा. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दोन तास पुढे असतं. शार्त्रला जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोनला पाच-सात मिनिटं असताना. म्हणजे घड्याळात सकाळचे साडेनऊ झाले तरी सूर्याच्या हिशेबाने अजून साडेसातच वाजलेले असतात. हे जमेला धरलं तर क्रम असा लागतो: दार उघडल्यावर सकाळी वेदीमागचा अर्धवर्तुळाकार भाग, अकरा ते साडेबाराच्या दरम्यान आग्नेयेकडची, म्हणजे ‘दक्षिणेची’ बाजू, साधारण तीननंतर मुख्य दाराच्या वरच्या खिडक्या, आणि उन्हाळा असेल तर सहाच्या पुढे ‘उत्तरेची’ गोल खिडकी. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येलाच मावळतो, त्यामुळे उत्तर बाजूला थेट ऊन मिळत नाही आणि दिवसही लवकर संपतो. तेव्हा दुसरी फेरी दोनलाच सुरू करावी.

ढगाळ दिवस निघाला तर हिरमुसायचं कारण नाही. प्रखर उन्हात एक बाजू पेटते आणि समोरची बाजू त्या मानाने विझल्यासारखी वाटते. पातळ ढगांतून येणारा पांढरा उजेड सगळीकडे सारखा पडतो, आणि बारीक चित्रं तर तेव्हाच जास्त नीट वाचता येतात. फोटोसाठी ऊन, वाचनासाठी ढग, असा माझा अनुभव. भर पावसात, काळंभोर आभाळ असताना मात्र कॉफीचीच वेळ समजावी.

पुढचा प्रश्न डोळ्यांचा. बाहेरच्या उजेडातून आत आलं की पहिल्यांदा काळोख आणि त्यात लटकलेले निळे-तांबडे ठिपके एवढंच दिसतं. रंग ओळखणाऱ्या आपल्या पेशींना मंद उजेडाशी जुळवून घ्यायला साधारण दहा मिनिटं लागतात आणि काळोखात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशींना वीस ते तीस. अजिंठ्याच्या लेण्यात शिरल्या शिरल्या भिंतीवर नुसते डाग दिसतात आणि थांबलं की त्या डागांतून चेहरे, मुकुट, बोटं बाहेर येतात, तसंच हे. शिवाय उजेड जसा मंद होतो तसा डोळ्याला तांबडा रंग फिका आणि निळा जास्त तेजाळ भासू लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवलं आहे. शार्त्रच्या निळ्याबद्दल जे एवढं बोललं जातं त्यातला काही वाटा काचेतल्या कोबाल्टचा आणि काही आपल्या डोळ्यांचा. तेव्हा आत गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं खुर्चीवर बसून काढायची, आणि ती हिशेबात धरायची. मोबाइल खिशात. पडद्याकडे एकदा पाहिलं की डोळ्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

2009 च्या सुमाराला सुरू झालेल्या मोठ्या जीर्णोद्धाराने यात थोडा फरक पडला आहे. मेणबत्त्यांच्या धुराने आणि धुळीने काळे झालेले दगड धुऊन, भिंतींना आणि छताला फिकट पिवळसर लेप दिला गेला. तेराव्या शतकात असाच लेप होता, त्याचे अवशेष सापडले, असं काम करणाऱ्यांचं म्हणणं. जुना गूढ काळोख पुसून टाकला, असा टीकाकारांचा आक्षेप. वर्तमानपत्रांतून बरीच जुंपली. पूर्वी काळी दिसणारी मेरीची लाकडी मूर्तीही या साफसफाईत गोरी झाली आणि अनेक भाविक दुखावले. मला दोन्ही बाजू पटतात, पण मूर्तीच्या बाबतीत माझं मत भाविकांच्या बाजूने झुकतं. पाहणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम एवढाच की आत आता पूर्वीपेक्षा उजेड आहे, डोळे लवकर सरावतात, आणि काचेचा रंग भिंतीच्या काळोखावर उमटायचा तसा ठसठशीत मात्र उमटत नाही.

डोळे सरावले की वाचायला घ्यायचं. वाचायला असंच म्हणतो, कारण खालच्या रांगेतल्या खिडक्या म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कथा आहेत आणि त्यांना क्रम आहे: सुरुवात तळाला, शेवट टोकाला, आणि प्रत्येक ओळ बहुधा डावीकडून उजवीकडे. आपल्याला वरून खाली वाचायची सवय, म्हणून पहिल्यांदा हमखास गोंधळ होतो. सरावासाठी एक खिडकी सुचवतो. मुख्य दारातून आत आल्यावर उजवीकडच्या भिंतीची तिसरी खिडकी, भल्या शोमरोनी माणसाची.

तळाशी जोडे शिवणारे कारागीर आहेत, आपल्या कामात गढलेले. खिडकीसाठी त्यांनी दान दिलं, असं परंपरेने मानतात. त्यांच्या वर येशू परूशांना गोष्ट सांगतो आहे, आणि मग गोष्टच सुरू होते. एक माणूस यरुशलेमच्या वेशीतून बाहेर पडतो. लुटारू दबा धरून बसलेत. त्याला मारतात, कपडे काढून घेतात. याजक आणि लेवी बघून पुढे जातात. मग शोमरोनी माणूस थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून सराईत नेतो. अर्धी खिडकी संपली आणि गोष्टही संपली, मग वर काय? वर आदमची निर्मिती, हव्वा, सर्प, बागेतून हकालपट्टी, आणि काईनने केलेला भावाचा खून. तेराव्या शतकातल्या पाहणाऱ्याला हा जोड न सांगता समजत असे: वेशीतून बाहेर पडून लुटला गेलेला तो माणूस म्हणजे आदम, आणि जखमा बांधणारा शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. एकाच काचेत दोन गोष्टी एकावर एक रचल्या आहेत, आणि वरची कळली की खालची पुन्हा पाहावीशी वाटते.

एवढं करायला दुर्बिणीसह पंधरा मिनिटं लागतात. 176 खिडक्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं म्हणजे 44 तास. म्हणून ‘सगळं बघू’ हा विचार दारातच सोडावा. मॅल्कम मिलर या इंग्रज वाटाड्याने 1958 पासून काही दशकं इथे रोज माहिती देत फेऱ्या काढल्या. त्याची पद्धतच ही की एका फेरीत मोजक्याच खिडक्या घ्यायच्या आणि पुढच्या फेरीत वेगळ्या. आपण दिवसभरात चार-पाच नीट वाचल्या तरी भरपूर झालं. दुर्बीण मात्र हवीच. पक्षी बघायला नेतो ती आठ पटींची चालते. वरच्या रांगेतल्या खिडक्या इतक्या उंचावर आहेत (छत साधारण 37 मीटरवर आहे) की नुसत्या डोळ्यांनी तिथे फक्त उभी माणसं आहेत एवढंच कळतं.

सकाळच्या फेरीत माझ्या यादीत आणखी दोन गोष्टी असतात. एक, वेदीच्या दक्षिणेकडची निळ्या मेरीची खिडकी, ‘बेल व्हेरिएर’. तिच्या मधल्या काचा 1180 च्या सुमाराच्या, म्हणजे 1194 च्या आगीतून वाचलेल्या. भोवतीचे देवदूत नंतर जोडलेले. तांबड्या पार्श्वभूमीवर फिकट निळं वस्त्र, आणि तो निळा बाकी कुठल्याच खिडकीत नाही. दुसरी, दक्षिणेची गोल खिडकी आणि तिच्या खालच्या पाच उभ्या खिडक्या. मधे मेरी, आणि दोन्ही बाजूंना चार संदेष्टे, त्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार बसलेले. लहान मुलाला जत्रेत घेतात तसे अक्षरशः पाय पुढे सोडून. यशयाच्या खांद्यावर मत्तय, यिर्मयाच्या लूक, यहेज्केलच्या योहान, दानीएलच्या मार्क. ‘आपण राक्षसांच्या खांद्यांवर बसलेले ठेंगू’ ही उक्ती बाराव्या शतकातल्या शार्त्रच्याच बर्नार्ड या अध्यापकाची मानली जाते, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवणारा जॉन ऑफ सॅलिसबरी पुढे इथेच बिशप झाला. चित्रकाराच्या मनात तीच उक्ती होती का, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. पाहताना ती आठवल्याशिवाय राहत नाही.

याच बाजूच्या आडव्या दालनात सेंट अपोलिनेअरच्या खिडकीत एक छोटा स्वच्छ ठिपका ठेवलेला आहे. 21 जूनच्या सुमाराला सूर्य माथ्यावर आला की त्यातून एक किरण खाली येतो आणि फरशीतल्या एका धातूच्या खिळ्यावर पडतो. मध्ययुगीन गूढविद्या वगैरे म्हणून याच्या कथा बऱ्याच फिरतात, पण ही करामत 1701 मधली.

बाराच्या सुमाराला बाहेर पडावं. मान दुखायला लागलेली असते हे एक कारण, आणि फ्रान्सच्या छोट्या गावांतली उपाहारगृहं जेवण देतात ती साधारण बारा ते दोन या वेळातच, हे दुसरं. अडीचला भूक लागली तर सँडविचवर भागवावं लागतं. शाकाहारी असाल तर क्रेप मिळणारी जागा आधी हेरून ठेवा.

जेवणानंतरचा वेळ कॅथेड्रलच्या बाहेरच्या अंगासाठी उत्तम. इथली शिल्पं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला तासभर तरी हवा. उत्तरेच्या दारांवर जुना करार, दक्षिणेच्या दारांवर ख्रिस्त, संत आणि अंतिम न्याय, आणि पश्चिमेला राजद्वार, जे आगीच्याही आधीचं, 1150 च्या आसपासचं. उभ्या खांबांसारख्या लांबट राजाराण्या सगळेच बघतात. मी उजवीकडच्या दाराच्या कमानीकडे बघायला सांगेन. तिथे सात विद्या बसवल्या आहेत, प्रत्येकीखाली तिचा एक पंडित. संगीत घंटा वाजवते आहे आणि तिच्याखाली पायथागोरस पाठ वाकवून कामात गढलेला. तिच्या शेजारी व्याकरण: हातात छडी, पायाशी दोन विद्यार्थी, आणि त्यातला एक दुसऱ्याचे केस ओढतोय. साडेआठशे वर्षांत वर्गातली मागची बाकं फारशी बदललेली नाहीत. डावीकडच्या दाराच्या कमानीवर बारा राशी आणि बारा महिन्यांची शेतीची कामं आहेत. राशी मोजल्या तर दहाच भरतात. मीन आणि मिथुन कोरून झाल्या, पण जागा उरली नाही, म्हणून त्या उजवीकडच्या दाराला लावून टाकल्या.

याच वेळात आंतरराष्ट्रीय काचचित्र केंद्रात एक चक्कर टाकावी. कॅथेड्रलला लागूनच असलेल्या तेराव्या शतकातल्या जुन्या कोठाराच्या इमारतीत ते आहे. तिथे काचेची पॅनेलं डोळ्यांच्या पातळीवर बघता येतात. काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीत कसे बसवतात, आणि चेहऱ्यावरचे डोळे-नाक म्हणजे तपकिरी रंगाच्या चार रेघा असतात, ज्या भट्टीत घालून पक्क्या करतात, हे एकदा जवळून पाहिलं की दुपारच्या फेरीत दुर्बिणीतून काय शोधायचं ते कळतं. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला बिशपच्या वाड्याची बाग आहे. तिथून भिंतींना बाहेरून रेटा देणारे दगडी कमानींचे टेकू नीट दिसतात. छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो. तो रेटा हे टेकू झेलतात. म्हणून भिंतींची जाडी कमी करून तिथे काच भरता आली. आतला सगळा खेळ या बाहेरच्या टेकूंवर उभा आहे, तेव्हा ते पाहिल्याशिवाय जाऊ नये. खाली उतरत गेलं की एऊर नदी आणि जुनी वस्ती लागते. पाय शिल्लक असतील तर ‘मेझों पिकासिएत’ बघा: रेमाँ इझिदोर या स्मशानभूमीत काम करणाऱ्या माणसाने फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं घर. तिथे जाऊन यायला मात्र तास-दीड तास लागेल, आणि तो दुसऱ्या फेरीतून कापावा लागेल.

क्रिप्ट, मनोरा आणि चक्रव्यूह या तीन गोष्टी वेळापत्रक बिघडवतात. क्रिप्ट वाटाड्याबरोबरच बघता येतं, ठरलेल्या वेळीच, तिकीट काढून. पाऊण तास धरा. 1020 च्या आगीनंतर बिशप फुलबेरने बांधवलेलं हे तळघर सुमारे 220 मीटर लांब आहे, इमारतीच्या खालून घोड्याच्या नालासारखं वळत जातं, आणि त्यात तेहेतीस मीटर खोल विहीर आहे. माहिती फ्रेंचमध्ये सांगतात. ज्याला पायाखालचा इतिहास आवडतो त्याने जावं. बाकीच्यांनी तो वेळ काचांना द्यावा. मनोऱ्याचंही तसंच, तिकीट आणि ठरावीक वेळा. गुडघे धड असतील आणि आकाश स्वच्छ असेल तर वरून बोसचं गव्हाचं सपाट मैदान क्षितिजापर्यंत दिसतं, शिवाय लाकडी आढ्याऐवजी घातलेल्या लोखंडी सांगाड्यावरचं तांब्याचं हिरवं छप्पर जवळून पाहता येतं. 1836 च्या आगीत जुनं लाकडी आढं जळालं, म्हणून हे आलं.

चक्रव्यूह फरशीत आहे, 1200 च्या आसपास घातलेला, जवळजवळ तेरा मीटर व्यासाचा, आणि त्यातून मध्यापर्यंत जाणारी वाट 261 मीटर लांब. अडचण अशी की एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. उपवासकाळापासून 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणापर्यंत, शुक्रवारी त्या बाजूला करतात. कुणाला तो चालायचाच असेल तर बेत शुक्रवारचा आखावा आणि अर्धा तास वाढवावा, कारण पुढचा माणूस ध्यानमग्न असेल तर आपल्यालाही त्याच्याच गतीने चालावं लागतं. हा चक्रव्यूह फसवा नाही. वाट एकच, चुकायला फाटाच नाही.

दुसरी फेरी साडेतीन-चारला सुरू करावी. आता उलट्या दिशेने बसायचं, वेदीकडे पाठ करून, मुख्य दाराकडे तोंड. गोल खिडकीखालच्या तीन उंच खिडक्या आगीतून वाचलेल्या, बाराव्या शतकातल्या. उजवीकडे इशायाचा वंशवृक्ष, मधे येशूचा जन्म आणि बालपण, डावीकडे त्याचं दुःखसहन आणि पुनरुत्थान. यांतला निळा बाकीच्या खिडक्यांपेक्षा उजळ दिसतो. त्यातली सोड्याची काच तेराव्या शतकातल्या पोटॅशच्या काचेपेक्षा हवापाण्याला जास्त टिकली, हे त्याचं मोठं कारण. वंशवृक्षाच्या तळाशी इशाय झोपलाय, त्याच्यातून खोड निघतं, आणि राजे एकावर एक फांद्यांत बसत बसत वर मेरीपर्यंत आणि येशूपर्यंत जातात.

मान पुन्हा कुरकुरायला लागली की वेदीभोवतीच्या दगडी जवनिकेकडे वळावं. हीही जेहान द बोसने 1514 मध्ये सुरू केली आणि पुरी व्हायला दोनशे वर्षं लागली. मेरीच्या आणि येशूच्या आयुष्यातले चाळीस प्रसंग, दोनशे मूर्ती, आणि वर बघण्याचा फारसा त्रास नाही. मला त्या शिल्पांची शैली फारशी भावत नाही, थोडी नाटकी वाटते. पण दुपारी पाच वाजता नजरेच्या टप्प्यात काही असणं ही मोठी सोय आहे.

मग उत्तरेची गोल खिडकी. तिच्यातली फ्रान्सची कमळासारखी राजचिन्हं आणि कास्तीलचे किल्ले राणी ब्लांशची आठवण ठेवतात. खालच्या पाच खिडक्यांत मधे संत अ‍ॅन लहान मेरीला घेऊन उभी, आणि बाजूला चार भले पुरुष. त्यांच्या पायांखाली चार वाईट राजे चिमुकल्या आकारात: दावीदाखाली शौल स्वतःच्या तलवारीवर पडतोय, शलमोनाखाली यराबाम सोन्याच्या वासरांना नमस्कार करतोय, अहरोनाखाली फारो घोड्यासकट कोसळतोय. दुर्बिणीशिवाय हे दिसणार नाही.

ज्यांच्या हातात खरोखर दोनच तास आहेत त्यांनी क्रिप्ट, मनोरा, चक्रव्यूह, जवनिका सगळं सोडावं. पंधरा मिनिटं बसायचं, मग बेल व्हेरिएर, मग शोमरोन्याची एक खिडकी पुरी वाचायची, तिन्ही गोल खिडक्या, आणि शेवटची वीस मिनिटं बाहेर राजद्वारापाशी. गाडी घेताना एवढं बघा की हे दोन तास मिस्सेच्या वेळेत पडत नाहीत. कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुलं असतं, पण उपासना चालू असताना फिरायला देत नाहीत, आणि द्यावं असं म्हणणंही बरोबर नाही. रविवारची सकाळ त्यामुळे पर्यटकासाठी जवळजवळ बाद. पेंटेकॉस्टच्या सोमवारी पॅरिसहून तीन दिवस चालत आलेले हजारो यात्रेकरू इथे पोहोचतात. ते बघायला जायचं असेल तर जरूर जा, काचा बघायला त्या दिवशी जाऊ नका. आणि कुठल्याही महिन्यात एक स्वेटर जवळ ठेवा. जुलैतही आतला दगड गार असतो आणि आपण तासन् तास बसून असतो.

रात्री मुक्काम करावा की नाही, हा शेवटचा प्रश्न. एप्रिलपासून उन्हाळाभर रोज रात्री कॅथेड्रलच्या दर्शनी भागावर आणि गावातल्या इतर इमारतींवर रंगीत प्रकाशचित्रं टाकतात. फुकट, सुरेख, मुलांना तर फारच आवडतात. पण जून-जुलैमध्ये अंधार पडायला रात्रीचे साडेदहा होतात आणि खेळ त्यानंतर. पॅरिसला परतणारी शेवटची गाडी किती वाजता आहे हे त्या दिवसाच्या वेळापत्रकात आधी पाहा. ती आणि प्रकाशचित्रं एकमेकांवर आपटत असतील तर स्टेशनाजवळ एक खोली घेऊन टाका. मग दुसऱ्या दिवशी दार उघडताच वेदीमागच्या खिडक्यांवर सकाळचं ऊन मिळतं, आणि पॅरिसची पहिली गर्दी पोहोचायच्या आत तासभर इमारत जवळजवळ रिकामी असते.